नेट सारखं जातंय-येतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

घरातलं नेट एकदा गेलं आणि परत आलं तर कुणाचं काही अडत नाही. जीव खातं ते रोज थोडं थोडं जाणारं नेट. महाडीबीटीचा अर्ज शेवटच्या पानावर आलेला असतो, मोबाइलवर ओटीपी येऊन पडलेला असतो, आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं. राउटर बंद करून चालू केला की नेट येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ओळखीपाळखीच्या घरांतलं हे काम मी बघतो. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दादा, नेट चालंनाच गेलंय. फॉरमॅट मारावं लागंल का?"

बहुतेक वेळा नाही लागत. चुकलेली सेटिंग दिवसभर चुकलेलीच राहते. सकाळी बरोबर, संध्याकाळी चूक, रात्री पुन्हा बरोबर, असं सेटिंगचं सहसा होत नाही. नेट जात-येत असेल तर त्यामागचं कारणही जाणारं-येणारंच असतं: लाइट, उष्णता, सैल झालेली पिन, दबलेली वायर, भिंतीपलीकडून कसाबसा पोचणारा वायफाय, किंवा संध्याकाळची गर्दी. फॉरमॅटनं यातलं काहीच बदलत नाही. उलट मुलांच्या नोट्स, फोटो, टॅलीचा डेटा यांवर पाणी पडण्याची भीती. म्हणून आधी नेट कुठं तुटतंय ते शोधायचं आणि सेटिंगला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

सुरुवात वहीपासून करा. राउटरजवळ एक वही आणि पेन ठेवा. नेट गेलं की वेळ लिहा, आणि त्या क्षणी घरात काय चाललं होतं तेही लिहा. लाइट कमी-जास्त झाली का, मोटार लावली होती का, पाऊस होता का, मोबाइलवरचं वायफाय त्याच वेळी गेलं का की फक्त कम्प्युटरचं गेलं. हे काम घरातल्या सगळ्यांनी करायचं, कारण तुम्ही कामावर असताना नेट गेलेलं फक्त घरच्यांनाच दिसतं. चार-आठ नोंदी झाल्या की अर्धं निदान वहीतच सापडतं.

त्यातली मोबाइलची नोंद सगळ्यात मोलाची. त्याच वायफायवरच्या मोबाइलचं नेट चालू आणि कम्प्युटरचं बंद, तर दोष कम्प्युटरमध्ये किंवा कम्प्युटर ते राउटर या टप्प्यात. दोन्हीकडे बंद, तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये. फक्त बघताना मोबाइलचा डेटा बंद ठेवा. नाहीतर वायफाय मेलं की मोबाइल गुपचूप सिमच्या नेटवर जातो आणि तुम्हाला वाटतं वायफाय ठणठणीत आहे.

आता कम्प्युटरवरून तपासणी. विंडोजच्या स्टार्टमध्ये सीएमडी अशी तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली की काळी खिडकी उघडते. त्यात आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत, सलग लिहून एंटर मारा. स्पेलिंग आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी. बरेच आकडे येतील, त्यातले दोनच बघायचे. आयपीव्ही-४ ॲड्रेस म्हणजे तुमच्या कम्प्युटरचा पत्ता आणि डीफॉल्ट गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता. राउटरचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. कम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर तिथंच थांबा. राउटरकडून पत्ता मिळालाच नाही म्हणून विंडोजनं तो स्वतःच ठरवून घेतलेला असतो. म्हणजे राउटरपर्यंत धड बोलणंच पोचत नाही. वायर किंवा वायफायचा जोड बघा, राउटर गुंतून पडलाय का बघा, बाहेरच्या लाइनमनला आत्ताच बोलवू नका.

पत्ता ठीक असेल तर पिंग. अशा दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडा. पहिलीत पी-आय-एन-जी, मग जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा जागा, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून टी. दुसरीत तेच, फक्त पत्ता ८.८.८.८. हा गूगलचा सर्व्हर आहे, बाहेरच्या जगाची खूण म्हणून तो धरायचा. शेवटचं वजा-टी नसेल तर पिंग चार वेळा विचारून थांबतं. ते असलं की तुम्ही कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत ते चालूच राहतं. दोन्ही खिडक्या तशाच उघड्या ठेवा आणि आपलं काम करत राहा.

नेट गेलं की लगेच या खिडक्यांकडे बघा. शेतातली पाइपलाइन कुठं फुटली ते शोधताना आपण विहिरीपासून एकेक व्हॉल्व बघत जातो, तसंच हे आहे. पहिल्या खिडकीत उत्तर येतंय आणि दुसरीत रिक्वेस्ट टाइम्ड आउट, तर घरातलं सगळं ठीक आहे, तुटलंय ते राउटरच्या पुढं. दोन्ही खिडक्या एकदमच थांबल्या तर राउटर बंद पडला किंवा तुमचा कम्प्युटर राउटरपासून सुटला. दोन्हीत उत्तर येतंय पण ब्राउझर पान उघडत नाही, तर तो नावांचा दोष, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा. आणि दोन्हीत उत्तर येतंय पण मिलिसेकंदाचे आकडे चढत चाललेत, तर लाइन तुटलेली नसून तुंबलेली आहे. राउटरकडून येणारं उत्तर वायरवर एक-दोन मिलिसेकंदात यायला हवं आणि जवळच्या वायफायवर दहाच्या आत. तिथंच दोनशे, चारशे, मध्येच टाइम्ड आउट दिसत असेल तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. दोष तुमच्या वायफायचा आहे.

एवढं झालं की पुढचं काम सोपं होतं, कारण आता कुठल्या टप्प्यावर बघायचं ते कळलेलं असतं. आपल्या भागात राउटर किंवा बाहेरची लाइन असा कौल आला, तर मी सगळ्यात आधी लाइट बघतो.

आमच्याच गल्लीतल्या एका घराची गोष्ट सांगतो. नेट काही दिवशी झकास चालायचं, काही दिवशी सकाळी तासभर वाट लावायचं. कंपनीचा माणूस येऊन गेला, वायर बदलून गेला, फरक शून्य. वहीत तारखा लिहिल्या तरी वाराचा मेळ बसेना. वही बघून काकूच म्हणाल्या, "अरे, ह्या तर नळाच्या तारखा हायेत की!" आमच्याकडं नळ रोज येत नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. ज्या दिवशी येतो त्या दिवशी अख्खी गल्ली एकदम मोटारी लावते, ट्यूब मंद होते, पंखा रेंगाळतो. पुढच्या नळाच्या दिवशी मी राउटरसमोर बसून राहिलो. समोरच्या घरातली मोटार सुरू झाली आणि राउटरचे सगळे दिवे क्षणभर विझून एकेक करत पुन्हा लागले. राउटर रिस्टार्ट होत होता. तो उठून लाइन धरेपर्यंत दोन-तीन मिनिटं जात, तोवर पुढची मोटार लागे. दोष राउटरच्या ॲडॉप्टरचा होता.

चांगला ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तसं त्याच्यावर छापलेलंही असतं. पण वर्षानुवर्षं तापून आतले कपॅसिटर सुकले की व्होल्टेजचा एवढासा झोकाही त्याला पेलत नाही. मीटरनं मोजलं तर मोकळ्या पिनवर बरोबर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तेव्हा त्याच्यावर भारच नसतो. म्हणून मीटरवर विसंबू नका. तसाच दुसरा ॲडॉप्टर कुणाकडून तरी आणून लावून बघा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनचा आकार व अधिक-उण्याची खूण जुळली पाहिजे. सेट टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर दिसायला सारखा असतो म्हणून डोळे झाकून लावू नका, त्यावरचे आकडे वाचा. काकूंच्या घरी नवा ॲडॉप्टर बसला आणि नळाच्या दिवशीचं नेट सुधारलं.

राउटर रिस्टार्ट होतोय का हे समोर न बसताही कळतं. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून आत जा. स्टेटसच्या पानावर अपटाइम लिहिलेला असतो, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे तो आकडा. सकाळी नेट गेलं होतं आणि दुपारी अपटाइम चार तास दाखवतोय, तर सकाळी राउटर बंद पडला होता. अपटाइम कित्येक दिवसांचा असेल, तर लाइटचा किंवा ॲडॉप्टरचा संबंध नाही, पुढं बघा. आत जायचा पासवर्ड बहुधा राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर असतो.

इन्व्हर्टर असलेल्या घरात आणखी एक जागा आहे. बऱ्याच इन्व्हर्टरला मागं एक खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल. नॉर्मलवर असताना इन्व्हर्टर बराच पडलेला व्होल्टेजही तसाच घरात सोडतो, आणि लाइट गेल्यावर बॅटरीवर यायलाही जास्त वेळ घेतो. ट्यूब-पंख्याला ते चालतं. कम्प्युटर आणि राउटर तेवढ्यात बंद पडतात. यूपीएसवर केलं की बदल पटकन होतो आणि व्होल्टेज पडला की तो लगेच बॅटरी घेतो. ज्या गावात व्होल्टेज दिवसभर पडलेला असतो तिथं मात्र बॅटरी लवकर उतरते, तेवढा हिशेब आपला आपण करावा. लोडशेडिंगच्या गावांत राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या, असं मी आग्रहानं सांगतो. राउटरला वीज फार लागत नाही, त्यामुळं तेवढ्यावर तो काही तास निघतो.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. घरगुती राउटर साधारणपणे ० ते ४० अंश तापमानासाठी बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला सावलीतलाच पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या खोलीत, पत्र्याच्या खाली वीतभर अंतरावर खिळ्याला टांगलेला राउटर काय सोसत असेल ते हात लावून बघा. दुपारी १ ते ५ नेट जातं आणि दिवस मावळला की आपोआप सुधारतं, अशी नोंद वहीत असेल तर राउटर खाली, भिंतीच्या सावलीत, हवा लागेल असा ठेवा. सेट टॉप बॉक्सवर किंवा इन्व्हर्टरवर ठेवू नका. वरून विणलेलं आच्छादन घातलं असेल तर काढा. दिसायला बरं दिसतं, पण आतली उष्णता आतच राहते.

आता फायबर. हल्ली बहुतेक घरांत काचेची केबल आलीय. तिच्या डब्यावर पॉन आणि लॉस असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा स्थिर असेल तर लाइन जिवंत. पॉन लुकलुकत राहिला तर डबा पलीकडच्या यंत्राशी बोलायचा प्रयत्न करतोय पण जमत नाही. लॉस लाल झाला की प्रकाश पोचतच नाही, आणि मग कम्प्युटरवर काहीही केलं तरी उपयोग नाही. तेव्हा दिव्यांचा फोटो काढून ठेवा, तक्रारीला कामाला येतो.

घराच्या हद्दीत एवढंच बघा की पिवळी किंवा काळी बारीक केबल कुठं करकचून वाकलीय का, दारात दबलीय का, कपाटामागं चेपलीय का. आतली काच १२५ मायक्रॉनची, म्हणजे साधारण केसाएवढी. कोपऱ्यात काटकोनात दुमडली की प्रकाश बाहेर गळतो. कधी कधी पूर्ण तुटत नाही, काठावर चालत राहते, आणि दार जोरात आपटलं की नेट जातं. जास्तीची केबल तळहाताएवढ्या गोल वेटोळ्यात सैल ठेवा. हिरव्या टोकाची पिन उगाच काढू-घालू नका. आपल्याकडची धूळ त्या टोकावर बसली की प्रकाश अडतो, ते पुसायला वेगळं साधन लागतं, बनियनच्या चिंधीनं ते होत नाही. आणि त्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण तो असतो.

हद्दीबाहेरचं आपल्या हातात नाही. खांबावरून लोंबणारी केबल ऊस भरलेल्या ट्रॉलीला अडकते, वानरं तिच्यावर झोके घेतात, खारी कुरतडतात, आणि रस्त्याचं काम निघालं की जेसीबीचा दात लागतो. जेसीबीनं तोडली तर एकट्या तुमचं नाही, अख्ख्या गल्लीचं नेट जातं. म्हणून आधी शेजाऱ्याला विचारा. गावाबाहेरच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, छतावर डिश लावून टॉवरवरून नेट घेतलं असेल, तर अवकाळीच्या वादळानंतर डिशचं तोंड फिरलंय का ते आधी बघायचं. ती समोरच्या टॉवरकडे नेमकी रोखलेली लागते. मध्ये वाढलेली कडुलिंबाची फांदीही अडथळा करते, आणि पाऊस पडून पानं ओली झाली की जास्तच.

पहिल्या खिडकीतलं पिंग अडखळत असेल तर वायफाय. जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या किंवा दगडी भिंती दीड-दोन हात जाड असतात. त्यातून ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचा वायफाय जवळपास जात नाही, २.४ चा कसाबसा जातो. राउटरमध्ये दोन्हींना एकच नाव दिलं असेल तर कम्प्युटर कधी या पट्ट्यावर तर कधी त्या पट्ट्यावर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला नेट क्षणभर जातं. दोन नावं वेगळी करा. लांबच्या खोलीला २.४, राउटरच्याच खोलीत ५. बाजारपेठेत घरं चिकटून असतील तर २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी होते, तेव्हा राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो धरा. डेस्कटॉपच्या मागं खोचलेलं बोटाच्या पेराएवढं वायफाय डोंगल हाही एक छुपा दोषी. एक तर ते पत्र्याच्या डब्याच्या मागं भिंतीकडे तोंड करून असतं, शिवाय शेजारच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये हार्ड डिस्क चालू असली की तिचा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात येतो. हातभर यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणा. फरक लगेच दिसतो.

डेस्कटॉप एका जागचा हलत नसेल, तर मी थेट लॅनची वायर ओढायलाच सांगतो. एकदा खर्च होतो आणि वायफायचे सगळे प्रश्न संपतात. कॅट ६ घ्या, जमत नसेल तर कॅट ५ई, १०० मीटरच्या आत. टोकाच्या पिनची प्लास्टिकची जीभ मोडली असेल तर पिन सैल बसते आणि टेबलाला धक्का लागला की नेट जातं. नवी पिन मारून घ्या, चिकटपट्टीनं भागवू नका. आत आठ तारा असतात. त्यातली एखादी उंदरानं तोडली तर नेट बंद पडेलच असं नाही, कारण १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात. मग २०० च्या प्लॅनवर कम्प्युटरला कधीच शंभराच्या वर वेग मिळत नाही, आणि मोबाइलला वायफायवर मात्र पूर्ण मिळतो. असं दिसलं की वायरच बघा.

एक बिघाड मुद्दाम सांगतो, कारण तो फार फसवतो. कंपनी बदलली की जुना राउटर घरात उरतो. कुणीतरी तो वरच्या मजल्यावर वायफाय वाढवायला लावतं, नव्या राउटरमधून वायर आणून जुन्याच्या लॅनमध्ये खोचतं. आता घरात पत्ते वाटणारे दोन झाले, आणि दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. ज्या कम्प्युटरला नव्यानं पत्ता दिला त्याचं नेट चालतं, ज्याला जुन्यानं दिला त्याचं बंद. उद्या बरोबर उलटं. उपाय असा: जुन्या राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद करा आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा करा. पत्ते वाटायचं काम एकट्या नव्याकडे राहू द्या.

संध्याकाळी ७ ते १० नेट जात नाही, पण रांगतं, आणि दुसऱ्या खिडकीतले आकडे ३० वरून ३०० वर चढतात. अशा वेळी आधी घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलचं वायफाय दहा मिनिटं बंद करून बघा. लग्नाहून आल्यावर सगळ्यांचे व्हिडिओ एकदम वर चढायला लागतात, तेवढ्यानंही लाइन तुंबते. बंद करूनही आकडे तसेच राहिले तर गर्दी कंपनीकडे आहे.

कम्प्युटरच्या आतल्या गोष्टी इथं येतात, आणि त्या थोड्याच आहेत. रोज शट डाउन करता म्हणून कम्प्युटर ताजा होतो असं समजू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावरही आतला बराच भाग जसाच्या तसा साठवला जातो. नेटवर्कचा अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच उठतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं, म्हणून रिस्टार्ट करा. कम्प्युटर थोडा वेळ पडून राहिला की नेट जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावं अशा अर्थाची खूण असते, ती काढा. नावांचा दोष असेल तर डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा.

पिंग चालतं पण बँकेची आणि सरकारी पानं सुरक्षित नाही म्हणून अडवतात, असं असेल तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की लाइट जाताच तारीख मागं जाते, आणि तारीख चुकली की त्या पानांची प्रमाणपत्रं कम्प्युटरला खोटी वाटतात. कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानात हा सेल मिळतो.

मृगाच्या तोंडावर आणखी एक काळजी. वीज कडाडायच्या आधीच, आभाळ दाटलं की, राउटरचा ॲडॉप्टर आणि लॅनची वायर दोन्ही काढा. नुसता खटका बंद करून भागत नाही. गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या लॅन वायरीतून झटका थेट मदरबोर्डपर्यंत येतो. डोक्यावर कडकडाट चालू झाल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आजूबाजूला वीज पडायचा इशारा देतं, ते घरात एका तरी मोबाइलवर असू द्या. वादळानंतर लॅनचा एकच पोर्ट मेलेला असू शकतो, म्हणून राउटर टाकून देण्याआधी वायर शेजारच्या पोर्टात लावून बघा. आणि कम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, खड्ड्यात ओल राहत नाही, आणि अर्थिंग नावालाच उरतं. उन्हाळाभर त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जा.

राउटरच्या मागं बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून रिसेट मारायची घाई करू नका. त्यानं कंपनीनं भरलेला युजरनेम, पासवर्ड आणि बाकीची मांडणी पुसली जाते, आणि अर्धवट चालणारं नेट पूर्ण बंद पडतं. शनिवारी संध्याकाळी हे केलं तर सोमवारपर्यंत वाट बघावी लागते. विंडोजमधलं नेटवर्क रिसेट त्यापेक्षा बरं, पण तेही सगळ्यात शेवटी, वायफायचे पासवर्ड वहीत लिहून घेतल्यावर.

दोष बाहेरचा ठरला की तक्रार करा, आणि ती नेमकी करा. "नेट चालंना" म्हटलं की समोरचा "राउटर बंद-चालू करा" म्हणतो आणि फोन ठेवतो. त्याऐवजी सांगा: कुठल्या तारखांना किती वाजता गेलं, तेव्हा लॉसचा दिवा लाल होता की नाही, राउटरपर्यंत पिंग चालू होतं आणि पुढं बंद, अपटाइम तुटलेला नाही, शेजाऱ्याचंही गेलं होतं. तक्रार क्रमांक मागून लिहून घ्या. लाइनमन आला की त्याला डब्यावर पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजायला लावा आणि आकडा वहीत टिपा. तो उण्यात असतो. उणे २० च्या आसपास असेल तर ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला तर लाइन काठावर आहे, आज चालली तरी उद्या जाईल. क्रमांक देऊनही काम होत नसेल तर कंपनीच्याच अपील विभागाकडे जाता येतं, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

लाइनमन "झालं" म्हणून गेला की वही बंद करू नका. ज्या वेळेला नेट जायचं त्याच वेळेला पुन्हा दोन्ही खिडक्या उघडून बसा. नळाच्या दिवशी जात होतं तर पुढच्या नळाच्या दिवशी, दुपारच्या उन्हात जात होतं तर दुपारी. तेव्हा आकडे सरळ राहिले तरच तक्रार बंद झाली असं कंपनीला कळवा.